११७-११७ : ईलाय मॅनिंगला ग्रेट म्हणायचं की नाही, एका जुन्या भांडणाची चिरफाड

तिसरा डाऊन, पाच यार्ड पाहिजेत, घड्याळात १ मिनिट १५ सेकंद आणि जायंट्स १४-१० ने मागे. ३ फेब्रुवारी २००८, ॲरिझोनातलं ग्लेनडेल, ४२ वा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगची (एनएफएल) फायनल. न्यूयॉर्क जायंट्सचा क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंगच्या हातात बॉल आला आणि लगेच सगळा घोळ झाला, समोरची भिंत फुटली, पॅट्रियट्सचे जार्व्हिस ग्रीन आणि रिचर्ड सीमोर दोघं अंगावर आले, ग्रीनच्या मुठीत तर जर्सीच आली. एडिसनच्या बेसमेंटमध्ये आमच्या दाजींनी "गेला" म्हणून चिवड्याची वाटी खाली ठेवलीसुद्धा. आणि हा माणूस, ज्याला पळता येत नाही हे अख्ख्या न्यू जर्सीला माहीत होतं, तो कसा कोण जाणे त्या गर्दीतून मागच्या मागे सुटला, वळला आणि मैदानाच्या मधोमध उंच बॉल फेकून दिला. तिथे डेव्हिड टायरीने उडी मारली आणि बॉल चक्क स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला, पॅट्रियट्सचा रॉडनी हॅरिसन त्याचा हात ओरबाडतोय, दोघं धाडकन खाली आले, पण बॉल काही जमिनीला लागला नाही. ३२ यार्ड.

चार बॉल नंतर प्लॅक्सिको बरेसला टचडाऊन, ३५ सेकंद बाकी, १७-१४. त्या सीझनमध्ये १८ पैकी १८ मॅचेस जिंकून आलेली पॅट्रियट्स टीम एकोणिसावी हरली.

मी तेव्हा कंपनीच्या प्रोजेक्टवर तिकडे होतो आणि ताईकडेच राहत होतो. दाजी बरीच वर्षं जर्सीत, म्हणजे जायंट्सवाले, कारण टीमच्या नावात न्यूयॉर्क असलं तरी त्यांचं स्टेडियम जर्सीतच, ईस्ट रदरफर्डला. त्या रात्री दाजी म्हणाले, "झालं, हा आता हॉल ऑफ फेममध्ये." म्हणजे खेळातल्या महान खेळाडूंच्या सन्मानयादीत. मी म्हटलं, "दाजी, एका कॅचवर?" ते भांडण तिथे सुरू झालं ते आजतागायत संपलेलं नाही. मी पुण्यात, ते तिकडे, रविवारी फोन झाला की तब्येत, आई, हवामान आणि मग ईलाय.

मला हे प्रकरण नीट मांडायचंय कारण सर्वोत्तम क्वार्टरबॅक कोण हा वाद नेहमी ब्रेडी (त्या पॅट्रियट्सचा क्वार्टरबॅक) की मोंटाना असा घातला जातो आणि त्यातून काही कळत नाही, दोघंही इतके वर आहेत की कुठलीही पट्टी लावा, बसतातच. पट्टीची परीक्षा होते ती ईलायसारख्या माणसावर. एका पट्टीने तो दिग्गज, दुसरीने सर्वसाधारण.

ज्यांनी हा खेळ बघितला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. आक्रमण करणाऱ्या टीमला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं, जमलं तर पुढचे चार प्रयत्न मिळतात. ह्या प्रयत्नाला डाऊन म्हणतात. बॉल समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाऊन, नाहीतर खांबांमधून लाथेने मारला की फील्ड गोल, त्याला पॉइंट कमी. जवळजवळ प्रत्येक वेळी बॉल आधी क्वार्टरबॅककडे येतो, आणि कुणाला द्यायचा, कुणाला फेकायचा, का फेकूनच द्यायचा हे त्याने साधारण अडीच-तीन सेकंदांत ठरवायचं, तेही १२०-१३० किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत असताना. त्याने फेकलेला बॉल समोरच्या टीमने पकडला की इंटरसेप्शन, म्हणजे सगळंच पाण्यात. एवढं पुरे.

तर ईलायचा हिशोब. २००४ ते २०१९, १६ सीझन, सगळे एकाच टीमकडून. ५७,०२३ यार्ड, ३६६ टचडाऊन पास, रिटायर झाला तेव्हा दोन्ही याद्यांत सातवा. इथपर्यंत दाजी खुश असतात. मग मी पुढचं वाचतो. इंटरसेप्शन २४४. पासर रेटिंग (फेकण्याचे एकत्रित गुण) ८४.१, म्हणजे त्याच्या काळातल्या साधारण क्वार्टरबॅकएवढंच. तीन सीझनमध्ये लीगमध्ये सगळ्यात जास्त इंटरसेप्शन (एकदा बरोबरीत), २०१३ ला तर २७. एकदाही ऑल-प्रो नाही, म्हणजे १६ वर्षांत एकाही वर्षी त्याला त्या वर्षाचा पहिल्या-दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक म्हणून कुणी निवडलं नाही. आणि सुरुवातीपासून खेळलेल्या २३४ नेहमीच्या मॅचेसमध्ये जिंकल्या ११७, हरल्या ११७. असा बरोब्बर अर्धा-अर्धा हिशोब वाण्याच्या वहीतही सापडत नाही.

दाजींचं उत्तर एका वाक्याचं असतं. "अरे, दोन सुपर बोल, दोन्हीत एमव्हीपी, दोन्ही वेळा ब्रेडीला हरवून. अजून काय पाहिजे तुला?"

खरंय की. दोन किंवा जास्त वेळा सुपर बोलचा एमव्हीपी, म्हणजे मॅचचा सर्वोत्तम खेळाडू, झालेले क्वार्टरबॅक म्हणजे बार्ट स्टार, टेरी ब्रॅडशॉ, जो मोंटाना, टॉम ब्रेडी, पॅट्रिक महोम्स आणि हा. ह्या यादीत ईलायचं नाव वाचताना लग्नाच्या पहिल्या पंगतीत लांबचा कुणी पाहुणा बसलेला दिसावा तसं होतं, पण बसलाय तर खरं, आणि कुणी हाताला धरून बसवलेलं नाही.

आता २००८ च्या त्या शेवटच्या ड्राइव्हकडे, म्हणजे जायंट्सच्या शेवटच्या चढाईकडे परत जाऊ, कारण माझ्या मते सगळं प्रकरण त्या ८३ यार्डांत आहे. लोक फक्त हेल्मेटवाला कॅच बघतात. तो सोडून बाकी बघा.

टायरीच्या कॅचच्या बरोबर आधीचा बॉल आठवतोय का कुणाला? ईलायने तो उजवीकडे टायरीसाठीच फेकला होता, टायरी एकीकडे गेला आणि बॉल दुसरीकडे, आणि तिथे पॅट्रियट्सचा असांते सॅम्युअल, लीगमधल्या सगळ्यात चांगल्या हातांपैकी एक, त्याने उडी मारली, बॉल बोटांना लागला आणि निसटून बाहेर गेला. तो पकडला असता तर मॅच तिथेच खलास, पॅट्रियट्स १९-०, आणि ईलाय म्हणजे शेवटच्या मिनिटाला माती खाणारा माणूस. तोच फेकणारा, तोच हात, तोच बॉल. सॅम्युअलची उडी जरा कमी पडली म्हणून आपण आज हा वाद घालतोय.

मग टायरीचा बॉल. त्यात ईलायचं काय? सुटका त्याची, पूर्ण त्याची, शंभर टक्के, ती मी कुणाला काढून घेऊ देणार नाही. पण पुढचा थ्रो? मैदानाच्या मधोमध, आसपास पॅट्रियट्सची तीन-चार माणसं, उंच, जवळजवळ तरंगता. कुठलाही कोच असा बॉल फेकू नको म्हणून ओरडेल. आणि कुणाला फेकला, तर टायरीला, ज्याने त्या अख्ख्या सीझनच्या नेहमीच्या मॅचेसमध्ये मिळून चार कॅच घेतले होते, ३५ यार्ड. मॅचच्या आधीच्या शुक्रवारी प्रॅक्टिसला त्याच्या हातातून बॉलमागून बॉल सुटत होते म्हणे. तो हेल्मेटवाला कॅच त्याचा एनएफएलमधला शेवटचा कॅच ठरला. थोडक्यात, सुटका ग्रेट, निर्णय वाईट, आणि कॅच देवाचा.

तिसरा बॉल बरेसचा, आणि ह्याच्याबद्दल कुणी बोलत नाही हे माझं दुःख आहे. १३ यार्ड राहिलेत, पॅट्रियट्सनी ठरवलं की आता सगळी माणसं ईलायच्या अंगावर सोडायची, म्हणजे मागे बरेससमोर एकटा एलिस हॉब्ज. ईलायला ते दिसलं. बरेसने आत वळल्यासारखं केलं, हॉब्ज फसला, बरेस कोपऱ्याकडे पळाला, आणि ईलायने बॉल बरेस पोचायच्या आधीच त्या कोपऱ्यात टाकून ठेवला होता. घाई नाही, नशीब नाही, सुपर बोलच्या शेवटच्या मिनिटात समोरच्याची चाल वाचून शांतपणे दिलेलं उत्तर. क्वार्टरबॅक ह्याच कामासाठी पगार घेतो. पण टीव्हीवर दाखवतात हेल्मेट.

हे तीन बॉल एका मिनिटातले आहेत. एक ज्याने मॅच घालवायला हवी होती आणि घालवली नाही, एक जो अर्धा त्याचा आणि अर्धा टायरीचा, आणि एक पूर्ण त्याचा. निकालावर माणूस मोजायचा ठरवलं तर तिन्ही सारखेच, कारण शेवटी जिंकले. मला ते पटत नाही. मी दाजींना तेच सांगत आलोय की बॉल हातातून सुटेपर्यंत जे घडलं ते क्वार्टरबॅकचं, नंतरचं बऱ्यापैकी दुसऱ्यांचं.

शिवाय त्या मॅचमध्ये पॅट्रियट्सना १४ पॉइंटवर कुणी रोखलं? त्या टीमने त्या सीझनच्या १६ मॅचेसमध्ये ५८९ पॉइंट केले होते, तेव्हाचा विक्रम, ब्रेडीचे ५० टचडाऊन पास. आणि इथे १४. ते काम मायकल स्ट्रेहॅन, जस्टिन टक आणि मंडळींचं, त्यांनी ब्रेडीला पाच वेळा लोळवलं. मॅचच्या आधी बरेस बोलून गेला होता की आपण २३-१७ ने जिंकू, आणि ब्रेडी हसून म्हणाला की आम्ही फक्त सतराच करणार होय? केले चौदा. हा विनोद मला अजून पुरतो. पण मुद्दा असा की ब्रेडीला ईलायने हरवलं हे वाक्यच चुकीचं आहे, दोघं एकाच वेळी मैदानावर नसतातच मुळी. ईलायने ज्यांना हरवलं ते सॅम्युअल, हॅरिसन, हॉब्ज.

आता २० जानेवारी २००८, म्हणजे त्या सुपर बोलच्या दोन आठवडे आधीचा, दोन्ही सेमीफायनलचा रविवार. माझ्या मते ह्या वादातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हा आहे आणि ह्याच्यासाठी चार वर्षं मागे जावं लागतं.

२००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिला नंबर सॅन डिएगो चार्जर्सचा होता. मॅनिंग घराण्याने, म्हणजे वडील आर्ची (स्वतः जुने क्वार्टरबॅक), आधीच कळवलं होतं की आमचा मुलगा तुमच्याकडे खेळणार नाही. चार्जर्सनी तरी त्यालाच घेतलं, ईलाय त्यांची जर्सी हातात धरून फोटोला उभा राहिला, चेहरा असा की जबरदस्तीने बोहल्यावर चढवलाय, आणि तासाभरात सौदा झाला. जायंट्सनी चौथ्या नंबरवर घेतलेला फिलिप रिव्हर्स चार्जर्सना दिला, वर आणखी काही पिक (निवडीच्या पाळ्या), ईलाय न्यूयॉर्कला. त्या वरच्या पिकांपैकी एकावर चार्जर्सनी नेट केडिंग नावाचा किकर घेतला.

तर तो रविवार. दुपारी फॉक्सबरोला रिव्हर्स पॅट्रियट्सविरुद्ध उतरला, एका गुडघ्याचं मुख्य लिगामेंट तुटलेलं, सहा दिवस आधी त्यावर छोटी सर्जरी झालेली, आणि तरी पूर्ण मॅच खेळला. त्याच्या टीमने ब्रेडीचे तीन इंटरसेप्शन काढले. तरी चार्जर्स हरले, १२-२१. त्यांचे बाराच्या बारा पॉइंट केडिंगच्या चार फील्ड गोलचे. एकदाही टचडाऊन नाही.

त्याच संध्याकाळी ग्रीन बेला ईलाय. तापमान उणे १८ सेल्सियसच्या आसपास, वारा वेगळाच, कोच टॉम कॉफलिनचं तोंड टोमॅटोसारखं लाल झालेलं. ईलायचे ४० पैकी २१ पास, २५४ यार्ड, टचडाऊन एकही नाही पण इंटरसेप्शनही नाही, बरेसचे ११ कॅच. जायंट्सचा किकर टाइन्स दोन सोप्या किक चुकला, मॅच जादा वेळात गेली, तिथे ब्रेट फाव्हने बॉल कोरी वेबस्टरच्या हातात नेऊन दिला आणि टाइन्सने ४७ यार्डांवरून मारला. २३-२०.

रिव्हर्स त्यानंतर सुपर बोलच्या इतक्या जवळ कधी गेलाच नाही. २०२० पर्यंत त्याचे ६३,४४० यार्ड, ४२१ टचडाऊन, १३४ जिंकल्या १०६ हरल्या. जवळजवळ प्रत्येक खान्यात ईलायच्या वर. मी दाजींना एकदा विचारलं, समजा सौदा झालाच नसता, रिव्हर्स जायंट्सकडे राहिला असता तर? दाजी बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "त्या ग्रीनच्या हातातून रिव्हर्स सुटला नसता." आता ह्याला काय बोलणार. पण विचार केला तर बरोबरही असेल, रिव्हर्सला तर ईलायपेक्षाही पळता येत नव्हतं.

माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम साक्षीदार जिम प्लंकेट. रेडर्सकडून दोन सुपर बोल जिंकला, एकात एमव्हीपी, आणि सुरुवातीपासून खेळलेल्या मॅचेसचा हिशोब ७२ जिंकल्या ७२ हरल्या. हुबेहूब ईलाय. हॉल ऑफ फेममध्ये नाही. कितीतरी दशकं झाली, नाही म्हणजे नाही. सुपर बोल जिंकणाऱ्याला मिळतात त्या दोन रिंगा घालून बाहेर उभा आहे.

पण दाजीही कच्च्या गुरूचे चेले नाहीत, ते लगेच जो नेमथ काढतात. जेट्सचा नेमथ, १७३ टचडाऊन पास, २२० इंटरसेप्शन, हिशोब ६२-६३-४, म्हणजे हरलेल्या जास्त. त्याने तिसऱ्या सुपर बोलच्या आधी जाहीर सांगितलं की आम्ही जिंकणार, गॅरंटी देतो, समोर कोल्ट्स, ज्यांना कुणी हरवेल असं वाटत नव्हतं, आणि १६-७ ने जिंकले. त्या मॅचमध्ये त्याने एकही टचडाऊन पास फेकला नाही, तरी एमव्हीपी तोच. १९८५ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला. कारण तेव्हा दोन वेगळ्या लीग होत्या, जेट्स नव्या लीगचे आणि कोल्ट्स जुन्या, आणि ती मॅच झाली नसती तर त्या दोन लीग ज्या तऱ्हेने एक झाल्या, त्या नव्या लीगला जी इज्जत मिळाली, ती गोष्टच वेगळी झाली असती. म्हणजे हॉल ऑफ फेममध्ये जायला दोन दरवाजे आहेत, एक कर्तृत्वाचा आणि एक गोष्टीचा. नेमथ दुसऱ्यातून गेला. प्लंकेटला दुसरा दरवाजा कुणी उघडला नाही. ईलाय त्याच दरवाजाशी उभा आहे.

रिंगांवर क्वार्टरबॅक मोजणाऱ्यांना मी फक्त दोन मॅचेस दाखवतो. ४० व्या सुपर बोलमध्ये बेन रॉथलिसबर्गर, हा पण २००४ च्याच ड्राफ्टचा, त्याचे २१ पैकी ९ पास, दोन इंटरसेप्शन, पासर रेटिंग २२.६, आणि त्याची टीम जिंकली, त्याला रिंग. आणि जॉन एल्वे. तीन सुपर बोल हरला, ३९-२०, ४२-१०, ५५-१०, लोक म्हणायचे मोठ्या मॅचचा माणूस नाही. मग म्हातारपणी त्याच्याकडे टेरेल डेव्हिस नावाचा पळणारा आला, ३२ व्या सुपर बोलमध्ये डेव्हिसने अर्धशिशी उठलेली असताना १५७ यार्ड आणि तीन टचडाऊन केले, एल्वेचे १२३ यार्ड आणि पासमधून टचडाऊन शून्य, जिंकले, आणि एल्वे एका रात्रीत महान. तोच एल्वे. ५५-१० वाला एल्वे जास्त चांगला क्वार्टरबॅक होता असं माझं मत आहे, भांडायला या.

उलट डॅन मरिनो. १९८४ मध्ये, ज्या काळात रिसीव्हरला आजच्यापेक्षा जास्त धरता-ढकलता यायचं, त्या काळात ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाऊन. त्या सीझनचा सुपर बोल मोंटानाच्या टीमकडून ३८-१६ ने हरला, परत कधी गेलाच नाही. रिंग नाही. पण त्याला हॉल ऑफ फेममध्ये पहिल्याच वर्षी घेतलं आणि कुणाचीही हरकत नव्हती. म्हणजे रिंग नसली तर चालते. असली तरी पुरेशी नाही, विचारा प्लंकेटला. मग रिंग नक्की मोजते काय?

माझं अर्धं मत बदललं ते २०११ च्या सीझनने, हे कबूल करायला हवं. त्या वर्षी सीझनच्या आधी रेडिओवर ईलायला विचारलं की तू ब्रेडीच्या वर्गात बसतोस का, तो म्हणाला हो, मी स्वतःला त्या वर्गात मानतो. मी इकडे पुण्यात हसून हसून लोळलो, आधीच्या सीझनला २५ इंटरसेप्शन फेकणारा माणूस. मग त्याने ४,९३३ यार्ड केले आणि चौथ्या क्वार्टरमध्ये १५ टचडाऊन पास, एका सीझनचा विक्रम. आणि टीम कशी होती? ९-७, सीझनभरात केले ३९४ पॉइंट, दिले ४००. केल्यापेक्षा दिले जास्त आणि तरी सुपर बोल जिंकला अशी ही पहिलीच टीम. २००८ ला डिफेन्सने ह्याला वाहून नेलं असं म्हणता येतं, २०११ ला तसं म्हणता येत नाही, इथे ओझं ह्याच्याच खांद्यावर होतं. सॅन फ्रान्सिस्कोला पावसात ५८ वेळा बॉल फेकला, सहा वेळा लोळवला गेला, चिखलाने माखलेला, हेल्मेट वाकडं झालेलं, परत उठून उभा. (त्या मॅचमध्येही समोरच्याने पंट, म्हणजे लाथेने लांब मारून दिलेला बॉल, सोडला म्हणून वाचले, नशीब त्याच्या घरी पाणी भरतं हे आहेच.)

आणि मग ५ फेब्रुवारी २०१२, इंडियानापोलिस, म्हणजे मोठ्या भावाच्या, पेटनच्या घरच्या मैदानावर. परत पॅट्रियट्स, परत मागे, १५-१७, स्वतःच्या १२ यार्डावर, ३ मिनिटं ४६ सेकंद. पहिलाच बॉल डाव्या कडेने मारियो मॅनिंगहॅमला, दोन बचाव करणाऱ्यांच्या मधून, कडेच्या पांढऱ्या रेषेपासून दोन पावलं बसतील एवढी जागा, ३८ यार्ड. हा बॉल मी किती वेळा बघितलाय विचारू नका. हेल्मेटवाल्या कॅचमध्ये फेकणारा नशीबवान होता. इथे मॅनिंगहॅमला फक्त पाय आत ठेवायचे होते, बॉल जिथे यायला हवा होता तिथेच आला, एक वीत इकडे नाही की तिकडे नाही. दाजींचा फोन आला, भारतात सोमवारची सकाळ, मी ऑफिसच्या बसमध्ये, आणि त्यांनी हॅलो न म्हणता विचारलं, "हा पण टायरीचाच का?" मी गप्प बसलो. जायंट्स २१-१७. (त्याच्या जरा आधी पॅट्रियट्सच्या वेस वेल्करच्या हातातून एक बॉल सुटला होता, तो धरला असता तर ही वेळच आली नसती, पण त्या सकाळी हे बोलायची माझी हिंमत झाली नाही.)

आता दोन्ही वर्षांचे प्लेऑफ, म्हणजे नेहमीच्या मॅचेसनंतरच्या बाद फेऱ्या, एकत्र धरा. आठ मॅचेस, आठही जिंकल्या, १५ टचडाऊन पास आणि फक्त दोन इंटरसेप्शन, त्यातलं एक तर आपल्याच माणसाच्या हातातून उडालेलं. ज्याची नेहमीची सरासरी तीन टचडाऊनला दोन इंटरसेप्शन अशी आहे त्या माणसाची. हे नशिबाने होत नाही, आठ मॅचेस सलग कुणाचं नशीब चालत नाही. आणि हेही खरं की बाकीच्या चार प्लेऑफ मॅचेस तो हरला, चारही, तीन टचडाऊन आणि सात इंटरसेप्शन. १६ वर्षांत प्लेऑफची मॅच दोनच सीझनमध्ये जिंकली, आणि त्या दोन्ही सीझनमध्ये शेवटपर्यंत.

आपल्याकडे लॉर्ड्सच्या बोर्डावर टेस्ट शतकवाला म्हणून अजित आगरकरचं नाव आहे, सुनील गावसकर आणि सचिनचं नाही. म्हणून आगरकर मोठा बॅट्समन असं दादरमधलं शेंबडं पोरही म्हणणार नाही. मी वर्षानुवर्षं दाजींना हे आगरकरचं उदाहरण देत होतो आणि ते चिडायचे. २०१२ नंतर मी ते देणं बंद केलं, कारण आगरकरने ते एकदा केलं आणि ती मॅच आपण हरलो. ह्याने दोनदा केलं, तेही फायनलला.

तरीही तो सर्वोत्तमांमध्ये नाही, इथे मी हलणार नाही. सर्वोत्तम म्हणजे ज्याच्यामुळे समोरच्या कोचची झोप सोमवारपासूनच उडते, ब्रेडी, मोंटाना, पेटन, मरिनो. ईलायसाठी कुणाची झोप उडाली नसेल, नोव्हेंबर २००७ मध्ये मिनेसोटाने त्याचे चार इंटरसेप्शन घेतले आणि त्यातले तीन थेट टचडाऊनला पळवले, तेही ह्याच्या घरी, आणि हे त्या हेल्मेटवाल्या रात्रीच्या फक्त दहा आठवडे आधी. कोणता ईलाय येणार हे त्यालाही माहीत नसावं. हॉल ऑफ फेम ही वेगळी गोष्ट, तिथे मी आता हो म्हणतो. त्या काळचा खेळ सांगताना पॅट्रियट्स सांगावे लागतात, आणि पॅट्रियट्स सांगताना त्यांची १९-० का झाली नाही हे सांगावं लागतं, मग ह्याचं नाव घ्यावंच लागतं. पण थांबवून घ्या. मरिनोसारखा पहिल्याच वर्षी नको.

निवड करणाऱ्यांना बहुतेक असंच काहीतरी वाटलं. रिटायर झाल्यावर पाच वर्षं थांबून २०२५ ला त्याचं नाव पहिल्यांदा आलं, शेवटच्या १५ जणांत पोचला, पण ८० टक्के मतं लागतात, तिथपर्यंत नाही गेला. त्या वर्षी एकूण चारच जण निवडले. दाजींनी फोनवर त्या मतदारांच्या सात पिढ्या काढल्या, ताई मागून म्हणत होती अहो बीपी, बीपी.

मी त्यांना शांत करायला २०१९ ची मॅच काढली. त्या सीझनला दोनच मॅचेसनंतर ईलायला बसवून डॅनियल जोन्स नावाच्या पोराला खेळवलं होतं, मग डिसेंबरमध्ये पोराचा पाय दुखावला आणि ईलायला परत बोलावलं. पहिली मॅच हरला, म्हणजे हिशोब ११६-११७. १५ डिसेंबरला डॉल्फिन्सविरुद्ध घरच्या मैदानावर, सगळ्यांना माहीत की ही शेवटची. दाजी स्टेडियममध्ये होते, दोन जॅकेटं घालून. जायंट्स ३६-२० ने जिंकले, शेवटी त्याला बाहेर काढलं तेव्हा अख्खं मैदान उभं राहिलं, त्याच्या नावाचा नुसता गजर, दाजी म्हणतात शेजारचा पोलिसासारखा आडदांड माणूस ढसाढसा रडत होता.

"आणि त्या दिवशी इंटरसेप्शन किती फेकले, दाजी?"

"तीन," दाजी म्हणाले. "पण जिंकलो ना."